पदक लावल्यावर

हवालदारबाईंना पदक लावायचा मान साहेबांनी शिंपीकाकांनाच दिला. भर बाजारात कोसळलेल्या काकांची छाती दाबून दाबून बाईंनी त्यांना परत आणलं होतं. त्यात दोन बरगड्या मोडल्या. "जीव वाचवला खरा, पण हसलं की अजून कळ येते," असं काका घरी येईल त्याला ऐकवत.

आज मात्र जन्मभर सुईत दोरा ओवलेल्या त्यांच्या हातांना पदकाची पिन काही लागेना.

"जपून हं काका, बरगड्यांचा राग पिनेनं काढाल," बाई हळूच म्हणाल्या.

पदक लागलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी काकांचा हात हातात घेतला, तो सोडेचनात. फोटो झाला, टाळ्या विरल्या, साहेबही खुर्चीत जाऊन बसले, तरी बाई मान खाली घालून तशाच उभ्या.

काका ओशाळले. "बाई, अहो, लोक बघताहेत."

मग त्यांचं लक्ष गेलं. बाईंची दोन बोटं त्यांच्या नाडीवर होती.

"थांबा ना काका," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी किती शोधली, सापडतच नव्हती."