येते म्हण

मस्तगडच्या त्या प्रदर्शनात चित्रं नव्हतीच. फळ्यांवर नुसती कच्ची, न भाजलेली मडकी मांडली होती. घरातून निघताना आपण जे बोलतो, ते येणाऱ्यानं एका मडक्यात तोंड घालून बोलायचं. शेवटच्या दिवशी कलावंत सगळी मडकी हौदात विरघळवणार होता. एवढंच ते काम.

मी तिथं देखरेखीला होते. बहुतेक सगळे एकच शब्द बोलून गेले. "येतो." "येते." निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही आपल्याकडं. पहिल्या दिवशी मीही एका मडक्यात "येते" म्हणाले होते.

शेवटच्या दुपारी मडकी पाण्यात सोडली. एकेक खचत गेलं. माझं तेवढं बराच वेळ तरंगत राहिलं, मग तेही विरघळलं.

थोड्या वेळानं आईचा फोन आला.

"शीतल, काय झालंय गं तुला? चिखलाच्या पायांनी घरात आलीस, घोटभर पाणी घेतलं न्हाईस. अन् आत्ता उंबऱ्यातून 'जाते' म्हणून निघालीस? असं म्हणत्यात का कुणी?"

सकाळपासून मी दालनाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

"मंग बोल की! गप का? जल्दी 'येते' म्हण बाई. एकदाच म्हण."

मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

समोर हौदातल्या गढूळ पाण्यात एक बुडबुडा वर आला, आणि फुटला.