निर्णयक्षमता: शून्य गुण

"म्हणजे काम काय, तर फोन उचलायचा आणि गाडी पाठवायची," वेतन समितीचा निरीक्षक म्हणाला.

"तसंच म्हणा," रुग्णवाहिका कक्षातली बाई म्हणाली आणि तिने हेडफोन नीट केला.

आज कुठे जाणार ते घरी सांगून निघालेला तो सकाळपासून तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. मोबाइल नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात, हातात गुणांचा तक्ता. कक्षातल्या तीस जणींचा पगार त्या तक्त्यावर ठरणार होता. बारा वर्षं त्या सगळ्यात खालच्या श्रेणीत कुजत होत्या, आणि आज नेमका फोनांचा दुष्काळ. निरीक्षकाने 'निर्णयक्षमता' या रकान्यात शून्य टाकलं. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, ही त्याची जुनी खोड. घरी सून त्याला लाडाने 'तराजू' म्हणायची.

इतक्यात फोन वाजला.

"पत्ता दिसतोय मला, गाडी निघाली. तुम्ही एकटेच आहात? बरं. दार उघडं ठेवा, टॉवेल आणा. काय, डोकं दिसतंय? मग गाडीची वाट बघायची नाही. घाबरायचं नंतर, दादा. आधी हात धुवा."

निरीक्षकाचं पेन थांबलं.

"ओढू नका, नुसता हाताचा आधार द्या. ताईंना सांगा, आता जोर लावा. शाब्बास!"

बारा मिनिटं हे चाललं. घाम मात्र निरीक्षकाला फुटला.

"रडत नाही? टॉवेलने बाळाची पाठ चोळा. अजून. थांबू नका."

आणि हेडफोनच्या बाहेर ऐकू येईल असा टाहो फुटला. निरीक्षकाने चक्क टाळ्या वाजवल्या. आनंद त्याच्या पोटात मावेना.

"आईच्या छातीवर ठेवा, वरून पांघरूण घाला. नाळेला हात लावू नका." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाई पहिल्यांदाच अडखळली. "हो, आहेत," एवढंच म्हणाली.

निरीक्षकाने शून्य खोडलं, पूर्ण दहा गुण लिहिले आणि खाली सही ठोकली. "तीसही जणींना दोन श्रेणी वर! समितीत कोणी नाक मुरडलं तर मी आहे. काय झालं हो, मुलगा की मुलगी?"

"मुलगी. दोघी सुखरूप."

"वा! घरात आनंदीआनंद असेल."

"घरात आहे. आजोबांना अजून पत्ता नाही." बाईने हेडफोन काढला आणि त्याच्या कानांवर चढवला. "घ्या, बोला. तुमचे चिरंजीव आहेत."