दुखापती : बंद

बेबीला वेगाचे किती गुण द्यावेत, यावर सुनंदाबाई पाच मिनिटं अडकून बसल्या. शंभरपैकी ब्याण्णव दिले, खोडले, अठ्ठ्याण्णव केले.

जळगावच्या त्या कॉम्प्युटर क्लासला शाळेने उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षिकांना धाडलं होतं. बाकीच्या जणी सरावाच्या तासाला पत्रं टाइप करत. सुनंदाबाई मात्र आठवडाभर अमेरिकन फुटबॉलच्या एका खेळात रुतल्या होत्या. हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी त्या लांबट चेंडूसाठी एकमेकांवर का कोसळतात, हे त्यांना अजून धड कळलं नव्हतं. पण प्रत्येक गड्याचं नाव पुसून तिथे आपल्याला हवं ते लिहिता येई. वेग, ताकद, दम, गणवेशाचा रंगसुद्धा आपण ठरवायचा. त्यांनी संघाला आपल्या गावाचं नाव दिलं, चोपडा, रंग निळा-पांढरा. आणि एकोणीस वर्षांपूर्वी स्वतः शाळेत शिकत असतानाच्या खो-खो संघातल्या नऊच्या नऊ जणी मैदानात उतरवल्या. उरलेल्या जागी होते ते अमेरिकन राहू दिले.

सामना सुरू झाला. बेबीने चेंडू घेतला, दोघांना हुलकावणी दिली, पडली ती उठलीच नाही. पडद्यावर पाटी आली : बेबी, घोटा, उरलेल्या हंगामासाठी बाहेर.

बाईंनी सामना मोडला. दम वाढवला, ताकद वाढवली, पुन्हा लावला. मध्यंतराच्या आत तीच पाटी.

"सर, हे बंद नाही का करता येत?" आवाज चढलेला त्यांच्याही लक्षात आला.

क्लासचे अभिमन सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बाईंपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. "दुखापती? होतात की बंद, मॅडम." त्यांनी वाकून दोन कळा दाबल्या. "घ्या. आता कोणीही पडलं तरी उठणार. कसंही पळवा."

बेबी पळाली. पडली, उठली, पळाली. तिघे अंगावर पडले तरी उठली. चोपड्याने चाळीस गुणांनी सामना मारला.

"एकहाती मॅच काढली तुमच्या बेबीने!" सर म्हणाले.

सुनंदाबाई तळवे पदराला पुसत पडद्याकडेच बघत राहिल्या.

"जिल्ह्याच्या फायनलला ती मला म्हणाली होती. घोटा सुजलाय, मला नको पाठवू. कॅप्टन मी होते. म्हटलं, दोनच मिनिटं काढ."

"मग?"

"काढली. जिंकलो आम्ही. ती परत कधी पळाली नाही."

सर चाचरत म्हणाले, "आता कुठे असतात त्या?"

"फैजपूरला दिली."

"मग जवळच की, मॅडम."

जवळच. सुनंदाबाई उठल्या. पडदा तसाच चालू सोडून रणरणत्या उन्हात त्यांनी बसस्टँड गाठलं. बसमध्ये दोनदा जागा बदलली. भुसावळला उतरून परत फिरावं म्हणून दारापर्यंत गेल्या, तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली. काय बोलायचं ते मनात जुळवत होत्या. एकही वाक्य शेवटाला जाईना.

फैजपुरात घर सापडायला वेळ लागला नाही. बेबीला आता सगळे बेबाबाई म्हणत; पहिल्याच माणसाने बोट दाखवलं. हाक ऐकून ती मागच्या अंगणातून आली, एकेक पाऊल जपून टाकत, भिंतीला हात लावत. उंबऱ्याशी थांबून तिने पाहुणीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

सुनंदाबाई पायरीखालीच उभ्या राहिल्या.

"ये व, आत ये," बेबाबाई म्हणाली. "टीममधल्या बाकीच्या सगळ्या येऊन गेल्या. तूच राह्यली होती."