भरीव भिंत

मुलानं पुण्याहून बजावलं होतं, इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घर घ्यायचं नाही. म्हणून तुमसरच्या या घरात भंडाऱ्याचा इंजिनिअर हातोडीनं भिंती ठोकून पाहत होता आणि रत्नमालाबाई मागं मागं. शेजारघराच्या सामाईक भिंतीवर त्यानं दोनदा ठोकलं, तशी रत्नमालाबाईंची बोटंही सवयीनं तिथं दोनदा वाजली. चिखल्याच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये, त्यांचा नवरा गेल्यापासून, रोज सकाळी पलीकडून शेजारीण विमलाबाई लाटण्यानं दोनदा ठोकायची. इकडून तसंच उत्तर गेल्यावरच ती चहा घ्यायची. आता क्वार्टर सोडायचं होतं. इंजिनिअर खूश झाला. "काकू, डोळे झाकून घ्या हे घर. अशी भरीव भिंत आता कोणी बांधत नाही. पलीकडून घन मारला तरी तुम्हाले आवाज येनार नाही." त्यांनी भिंतीला कान लावला. मग हळूच म्हणाल्या, "नीट पाहा ना जी, एखादी तरी भेग असन कुठं."