लोहयुक्त

चुंबकाला चिकटलेल्या करड्या भुकटीचं मी वजन केलं. डब्यावर छापलंय जवळजवळ तेवढंच लोह भरलं. फक्त ते डब्यातून काढलेलं नव्हतं. आमची पोषण-पावडर तीन महिने पिणाऱ्या मुलांच्या शौचाच्या नमुन्यांतून काढलं होतं.

साहेब नाकाला रुमाल लावून प्रयोगशाळेच्या दारातच थांबले.

"शी! काय हा वास! उरकलं का तुमचं?"

"सर, लोह जसंच्या तसं बाहेर पडतंय. दाणा जाड आहे, अंगाला लागतच नाही. मुलांचं हिमोग्लोबिन होतं तिथंच आहे."

"बारीक दाण्याने चव बिघडते, पोरं थुंकतात. आणि आपण 'लोहयुक्त' लिहिलंय. 'अंगाला लागतं' असं कुठे लिहिलंय?" ते स्वतःच हसले. "उद्या शाळांकडे माल निघायचाय. तीन वर्षं करताय तशी तपासणीच्या दाखल्यावर सही करा. आधी हात तेवढे धुवा, बाई."

मी हात धुतले. दोनदा धुतले, तरी स्वच्छ वाटेनात. साहेबांनी लांबूनच पेन पुढे केलं.

"मी सही करणार नाही, सर. आणि आधीच्या तीन वर्षांच्या सह्या चुकीच्या होत्या, हे आज शाळांना लेखी कळवणार आहे."