सांगाल तेच

लातूर जिल्हा नवा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात गावच्या टँकरवर निवृत्तीनं पंचशीलाच्या आईची भरली घागर विटाळाच्या नावाखाली लवंडून दिली होती. पुढं नांदेडच्या कॉलेजात शिकताना त्याचा उजवा हात मोडला, तेव्हा परीक्षेला लेखनिक म्हणून एक वर्ष मागं असलेली पंचशीला आपणहून उभी राहिली. “पोरीचं मन लई मोठं हाय,” सर म्हणाले. पेपरात प्रश्न आला: अस्पृश्यता नष्ट करणारं कलम कोणतं? निवृत्ती अडखळला आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतली विनवणी तिला लख्ख कळली. उत्तर तर तिला लहानपणापासून पाठ होतं. “तुमी सांगाल तेच लिहिणार,” ती म्हणाली. “एकोणीस,” तो पुटपुटला. तिनं वळणदार अक्षरात एकोणीस लिहिलं. बाहेर त्यानं विचारलं, “चुकलं का?” “सतरा. मी उद्याच्या पेपरालाबी येते.” त्याला नाही म्हणता येईना.