बिस्किटांचा बुरूज

जावयाने पहिला ठोसा मारला तो बुरुजाला. हातभर उंचीचा, बिस्किटांचा बुरूज टेबलावर उभा होता. तीन भिंती सांधून झाल्या होत्या, चौथीसाठी गॅसवर साखर वितळत होती. एका ठोशात सगळ्याचा भुगा झाला.

"नुसता पोरखेळ मांडलाय," तो म्हणाला. "चल. चप्पल घाल."

हे बायकोला. ती आईशेजारी चौथी भिंत दोन्ही हातांत धरून उभी होती. तिच्या डोळ्याखालचं निळं आता कुठे पिवळं पडायला लागलं होतं.

म्हातारीने पातेल्यावरून नजर काढली नाही. साखर तांबूस व्हायला लागली की जावई येवो नाहीतर यम येवो, हात थांबवायचा नसतो. दर सणाला ती कुठल्या ना कुठल्या गोष्टीतलं घर बांधायची, आणि मग ते फोडून डबे भरायची, गल्लीत घरोघर द्यायची. तिला स्वतःला अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. लेक वाचायची, ही बांधायची. कुणालाही भीत नाही म्हणून गल्ली तिला फौजदारीण म्हणायची, आणि तिला त्याचा फार अभिमान होता. यंदाची गोष्ट नातीने निवडलेली. राक्षसीण पोरांना बुरुजात कोंडते, आणि पोरं आतून भिंत कुरतडून बाहेर पडतात.

"बसा की, जावईबापू," म्हातारी म्हणाली. "बिस्किटांशी मारामारी करून दमला असाल."

"तुम्ही मधे पडू नका, सासूबाई."

"मी कशाला पडते? पाडायचं काम तुमच्याकडे."

लेक हसली नाही. "पोरगी कुठाय?" तिने विचारलं. ती घर सोडून निघाली तेव्हा त्याने जिन्यातच पोरगी तिच्या कडेवरून ओढून घेतली होती.

"घरी."

"कोणाजवळ?"

"कोणाजवळ कशाला पाहिजे? आतल्या खोलीत आहे. कुलूप घालून आलोय." त्याने पँटच्या खिशावर थाप मारली, किल्ली वाजली. "तू आलीस तर उघडीन. नाही आलीस तर बसेल तशीच. रडून रडून झोपते आपोआप."

लेकीने हातातली भिंत अलगद टेबलावर ठेवली आणि ती चपलांकडे वळली.

लेकीच्या अंगावरचे वळ म्हातारीने पाहिले होते, त्यांना हळद लावली होती, दात खाल्ले होते. पण हे निमूट चपलांकडे वळणं तिला बघवेना.

"थांब," ती म्हणाली. "साखर झालीय."

"साखर घाला मसणात," तो म्हणाला. त्याने बायकोचे केस मुठीत धरले आणि हिसडा दिला. तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. भुवई फाटली, रक्त गालावर आलं. तिने एका हाताने चौकट धरली. सवय झालेल्या माणसाला आधार कुठे धरायचा ते कळतं.

त्याच्या एका मुठीत केस, दुसरा हात दाराच्या कडीवर.

म्हातारीने पातेलं उचललं. आरडाओरडा नाही, घाई नाही. भिंत सांधताना उचलायची तसंच, फडक्यात धरून, तोंड तिरकं करून. आणि कडीवरच्या हातावर तिने धार धरली.

तो जे ओरडला, ते समोरच्या घरातल्या भांड्यांनाही ऐकू गेलं असेल. केस सुटले. आणि मग त्याने ते केलं, जे त्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा करत नाही. तो दुसऱ्या हाताने साखर पुसायला गेला. तापलेली साखर दिसते मधासारखी, धरते डिंकासारखी. हाताला हात चिकटला. त्याने ओढून सोडवला, तेव्हा तळव्याची साल साखरेबरोबर निघून आली.

"पाणी! अगं पाणी!"

टेबलाखाली गार पाण्याची बादली होती. साखर वितळायला ठेवली की ती आधी भरायची, ही या घरची रीत. म्हातारीने पायाने बादली मागे सारली. लेकीने पुढे होऊन ती ओढून घेतली आणि त्याच्यासमोर ठेवली.

मेलीला, म्हातारीच्या मनात आलं, अजून ह्याचाच पुळका.

तो गुडघ्यांवर कोसळला. त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. बाहेर काढले की किंचाळायचा, पुन्हा घालायचा. लेक त्याच्या शेजारी वाकली. तिच्या भुवईतलं रक्त त्याच्या सदऱ्यावर ठिबकलं. तिने त्याच्या खिशात हात घातला. त्याने कोपराने तिला ढकलायला हात वर घेतला, हवा लागली आणि तो कळवळून पुन्हा पाण्यात वाकला. किल्ली तिच्या मुठीत आली.

"फडकं धर कपाळाला," म्हातारी म्हणाली. "रक्त बघून पोर घाबरेल."

लेकीने पदर भुवईवर दाबला, चपला पायात सरकवल्या आणि ती जिना उतरून गेली. धावत गेली. म्हातारीने शेवटच्या पायरीपर्यंत कान देऊन ऐकलं, मग दार लोटून कडी घातली. कडी चिकट झाली होती. तिने बोट पदराला पुसलं.

पातेल्यात तिने नवी साखर ओतली. गॅस मोठा केला. साखर कडेने पाझरायला लागली.

तो जमिनीवरून पातेल्याकडे बघत होता. लग्न झाल्यापासून त्याने तिला सासूबाईशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला. "दवाखान्यात जायला पाहिजे. हात बाहेर काढू का?"

म्हातारीने पातेलं जरासं तिरकं करून रंग पाहिला.

"काढ की," ती म्हणाली. "दुसरा घाणा होतच आलाय."